सोनाबायची खबर न्हाय

सोनाबाय आत्या गेली. तिला उचलायच्या आधी अंगनात बायकांचा घोळ झाला, हिला सवाष्न म्हनून न्यायची का न्हाय. आता ते सांगायचं तर मागचं सांगायला लागंल.

आत्या रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. बोंबील वाळवायची नि पाटीत भरून अलिबागच्या बाजारात बसायची. नवरा येसाजी, सवताची व्होडी व्हती त्याची. आमच्यात लगीन लागलं की नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडतात. माज्या मानसाला सांबाळ, असं दर्याला सांगायचं. म्हनून आत्याच्या डाव्या हातातच बांगड्या. येका खेपेला वारं फिरलं नि व्होडी उलटी सापडली. येसाजीच्या बरोबरचे दोघं कोर्लईकडं किनाऱ्याला लागले. येसाजी लागला न्हाय. पोलिसात बेपत्ता म्हनून लिवलं, ते तसंच ऱ्हायलं.

वाड्यातल्या बायका बांगड्या फोडायला आल्या. आत्या दारात आडवी उभी ऱ्हायली.

"मानूस आनून दाखवा, मंग फोडा."

शेजारची केसर तोंडाची फटकळ. ती म्हनली, "अगो, खुळी का काय? माशांनी खाल्ला आसंल त्याला."

"मंग उद्यापासून बाजारात बसू नको केसर. कुनास ठाव काय इकशील."

केसर आल्या पावली घरी गेली. त्या दिवसापासून कोन पन इचारलं की आत्याचं येकच, "दर्यावर हायत."

बरीच वर्षं गेली, मंग त्या मोठ्या वादळात घरावर माड पडला. अर्धं छप्पर गेलं, ताडपत्री लावून दिवस काढले. घरकुलाच्या यादीत नाव लागलं, पन घर येसाजीच्या नावावर. पंचायतीतला कारकून म्हनला, "मावशी, मालकाची सही लागंल."

"ते दर्यावर हायत."

"बरं. कदी येतील?"

"त्ये मी कसं सांगू?"

मागं केसर उभी व्हती. तिनं हळूच त्याला खरं सांगितलं. तो बिचारा खाली बघायला लागला. म्हनला, मंग मृत्यूचा दाखला आना. दाखल्याच्या खिडकीवर गेली तर तिथं सांगितलं, मयत सापडली न्हाय तर दाखला देता येत न्हाय, कोर्टाचा हुकूम लागंल.

घरी येऊन आत्या ताडपत्रीखाली बसली. सुचिता तिच्या भावाची पोर, थळला दिलेली, ती भेटायला आली व्हती.

"घर पायजे तर त्यांना मारायचं, आसं म्हनतात," आत्या म्हनली. "मी न्हाय मारनार. गळू दे."

सुचिता थळला परत निघाली. पन अलिबागला कोर्टाच्या बाजूनं जाताना तिला पाटी दिसली, मोफत कायदेशीर मदत. ती सरळ आत शिरली. आठवड्यानं आत्याला पन घेऊन गेली. "चल, नुसतं आयकून घे. पटलं न्हाय तर उठून येऊ."

तिथं हेमांगी म्हनून वकीलबाय नेमून दिली. आत्यानं आधी फी इचारली.

"काही नाही आजी. बायकांना हे मोफतच आहे. उत्पन्नाचा दाखलाही नको."

"फुकट? मंग नीट करशील ना?" आसं म्हनून आत्यानं पिशवीतून बोंबलाची पुडी काढली.

"अहो आजी, हेही घेता येत नाही मला."

"मासं खात न्हायस? अरेरे." सुचितानं पदराआड तोंड लपवलं.

मंग आत्या कामाचं बोलली. "बाय, मी ते मेले म्हननार न्हाय. आधीच सांगते."

हेमांगीबायनं पेन खाली ठेवलं. म्हनली, "म्हणू नका. कायद्याला तुमच्याकडून ते नकोच आहे. सात वर्षं झाली, ज्यांना त्यांची खबर लागायला हवी होती त्यांना लागली नाही, एवढंच खरं खरं सांगा. पुढचं कोर्ट ठरवेल."

"म्हंजे ते कोर्टाच्या तोंडचं?"

"हो."

"माज्या न्हाय?"

"तुमच्या नाही."

आत्यानं तिला परत येकदा सांगायला लावलं. मंग अंगठा दिला.

तारखा पडत ऱ्हायल्या. पोलिसाचा कागद आला, वाड्यातली मानसं बोलून गेली. आत्याची पाळी आली तर नवऱ्याचं नाव घ्यायलाच आडली. जल्मात घेतलं नव्हतं. सुचिताकडं बघायला लागली. हेमांगीबाय म्हनली, घ्यावं लागेल आजी. मंग खाली बघून घेतलं.

"काही खबर?" जज्जसाहेबांनी इचारलं.

"न्हाय साहेब. बंदराला लागंल त्या व्होडीला इचारते. न्हाय."

सरकारी वकील उठला. "म्हणजे ते हयात नाहीत, असं तुमचं म्हणणं आहे?"

आत्यानं कठडा धरला. "माजं म्हननं काय न्हाय. खबर न्हाय, येवडंच."

साहेबांनी तेच लिवून घेतलं.

हुकूम झाला, दाखला मिळाला, घर आत्याच्या नावावर चढलं. स्लॅबचं घर झालं. आत्या त्यात ऱ्हायली. दाखला मात्र सुचिताला थळला ठेवायला लावला. "माज्या घरात तो कागद नको." बांगड्या हातात तशाच. संध्याकाळी बंदरावर जायची, इचारायची, परत यायची.

परवा गेली. झोपेतच. अंगनात बायका जमल्या. येकजन म्हनली, हिरवी साडी कशी नेसवायची, दाखला झालाय ना मानसाचा? सगळ्या सुचिताकडं बघायला लागल्या.

सुचिताचा आवाज रडून बसला व्हता. "दाखला कोर्टानं दिला. आत्या काय बोलली ते पन तिथंच लिवलेलं हाय. खबर न्हाय म्हनली. मेले म्हनली न्हाय."

केसर आता पार म्हातारी, काठीवर चालते. ती उठली, घरी गेली नि हिरव्या बांगड्या घेऊन आली. आत्याचा डावा हात मांडीवर घेतला, येक येक करून चढवल्या. हात गार पडलेला, येळ लागला.

येक पोरगी म्हनली, "आजी, उजव्या हातात न्हाय घालायच्या?"

"उजव्याच्या त्याच्याकडं हायत," केसर म्हनली, नि कुंकवाचा करंडा मागितला.