मास्तरांचे गिधाड

आमचे ड्रॉईंगचे मास्तर वाघ काढत नसत. नागपुरात हा जवळजवळ गुन्हाच. येथे पानठेल्यापासून पुलाच्या खांबापर्यंत वाघच वाघ. कोणी वाघ मागितला की ते म्हणत, "वाघाले लय लोक आहेत, भाऊ. गिधाडाले कोन आहे?"

निवृत्तीनंतर त्यांनी मोहल्ल्यातील भिंतींवर गिधाडे रंगवली. माझी पत्नी रागावली. "दारासमोर हे अशुभ काहून, मास्तर?"

"अशुभ ते नाही वं वहिनी. ते गेले म्हणून गावाबाहेर मेलेली ढोरं सडून राहिली." आणि ब्रश चालूच.

भिंतीकडे कोणी पाहत नाही, हे कळल्यावर त्यांनी मारबतीची मिरवणूक निवडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नको असलेल्या गोष्टींचे पुतळे, म्हणजे बडगे, मिरवून जाळण्याची आमची रीत आहे. मास्तरांनी बांबू-कागदाचे देखणे गिधाड केले. गर्दी ओरडली, "इडा-पीडा घेऊन जा गे मारबत," आणि इतर बडग्यांबरोबर तेही पेटवले. जन्म इतवारीत, म्हणजे या मिरवणुकीच्याच भागात, गेलेल्या माणसाला हे आधी सुचू नये, याचे मला नवल वाटले. परतताना ते एवढेच म्हणाले, "वाचवाले बनवलं, अन् जाळाले मीच नेलं."

पुढल्या वर्षी त्यांनी बडग्या केला तो औषधाच्या सुईचा. नवे गिधाड वेगळे, जाळायचे नाही, खांद्यावर मिरवायचे. शेजारच्या गवळ्याने विचारले, "मास्तर, सुई काहून जाळून राहिले?"

"ह्या दवाईनं गायीचं दुखणं थांबते. पण ती गाय मेली, अन् गिधाडानं खाल्ली, तं गिधाड मरते."

"मी तं तेच देतो."

"म्हणून तं तुले सांगून राहिलो गा."

गवळी दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

गेल्या पोळ्याला मास्तर दवाखान्यात होते. गिधाड गवळ्याने खांद्यावर घेतले. शेवटी पोरे सवयीने तेही आगीकडे ओढू लागली. तो मागे सरला. "हे नाही जळत गा. हे घरी जाते."

संध्याकाळी मी मास्तरांना ही हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "अन् दवाई?"

"बदलली म्हणतो."

"म्हणतो?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "विचारत राहा, भाऊ."

त्याच आठवड्यात ते गेले. आमच्या आकाशात गिधाड अद्याप दिसलेले नाही. कोण्या गायीला काही झाले, की मी काठी टेकत गोठ्यावर जातो आणि औषधाची बाटली पाहायला मागतो. गवळी मुकाट्याने दाखवतो.