कोऱ्या पानावरचा श्रीकार

अर्धे देव घासून झाले होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खंडोबा पाटावर पिवळेधमक होऊन बसले होते. गणपती, घंटा आणि समई अजून चिंचेच्या कोळात काळपट पडून होती. तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली.

"सिंधुआत्या, सही!" गोकुळनं गाडीवर बसल्या बसल्याच हाळी दिली.

सिंधुबाईंनी पदराला हात पुसले. सुप्याच्या पुढं, अभयारण्याच्या तारेला खेटून त्यांची कुसळेवस्ती. सकाळी परड्यात शेळीच्या जागी चिंकारा उभा दिसला तरी तिथं कुणाला नवल वाटत नाही. अभयारण्याच्या कारभारात गावाचंही मत असावं म्हणून नियमानं समिती झाली. समितीत बाई लागते, म्हणून सिंधुबाईंना घेतलं. अध्यक्ष मोहनराव तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, "लिहित्या हाताची बाई हाय. रोज वहीत पानभर रामनाम लिहिती. असाच हात पायजे." बैठक मात्र मोहनरावांच्या पडवीत भरायची, आणि लिहिणं बघणारा गोकुळ बाईची सही अशी घरी येऊन घेऊन जायचा.

"काय ठरलं म्हणायचं ह्या बारीला?"

"चाललीया अजून बैठक. मी मागनं उतरवतो की. तुमी खाली नाव टाका."

पान कोरं होतं. कोऱ्या पानावर आधी श्रीकार, मग बाकीचं, ही सिंधुबाईंच्या हाताची सवय. त्यांनी तळाशी नाव लिहायच्या आधी चार बोटं वर ठसठशीत 'श्री' काढला. चिंचेच्या ओल्या बोटाचा डाग कोपऱ्याला लागला.

"आत्या, मधीच देव कशाला आणता ओ? मला लिहायला जागा ऱ्हात न्हाय."

"देवाबिगर नाव टाकू व्हय रं?" त्या हसल्या, आणि पुन्हा समई घासायला बसल्या.

शेजारी लैलाबीचं घर. दोन घरांत कुंपण म्हणून बोरीची एक काटी, तीही शेळ्यांनी खाऊन विरळ झालेली. सिंधुबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्या वर्षी त्यांना मुलगी झाली, ती मेलेलीच. नवरा रामहरी तेव्हा इंदापूरकडं ऊसतोडीवर गेला होता, सासरा अंथरुणाला खिळलेला. पोर फडक्यात गुंडाळून लैलाबीचा नवराच घेऊन गेला. माळावर त्यांचं चार घरांचं कबरस्तान, त्याच्या कडेला एका हिवराच्या झाडाखाली त्यानं हातभर खड्डा घेतला. सिंधुबाईंना बाळंतिणीच्या खाटेवरून उठू दिलं नव्हतं. जागा त्यांना लैलाबीनं दाखवली, सव्वा महिन्यानं, हाताला धरून.

पुढं माळाचं अभयारण्य झालं, तार आली, तरी गेटातून तेवढी वाट चालू राहिली. लैलाबीचा नवराही तिथंच गेला. त्याच्या कबरीच्या आणि हिवराच्या मधे एका माणसापुरती जागा उरली होती. लैलाबी काटीवरून म्हणायची, "सिंदे, ती माझी जागा हाय बघ. एका अंगाला म्हातारा, एका अंगाला तुझी पोर. तू नगं काळजी करू, मी निजते तिच्यापाशी."

"आधी मीच जायाची," सिंधुबाई म्हणायच्या.

"तुला जाळत्यात गं! जागा कुठं लागती तुला?" आणि दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या.

शेवटचे चार महिने लैलाबी खाटेवरच होती. एवढंच विचारायची, "गेट उघडं असतंय न्हवं गं?"

"असतंय. आपला लखनच तर उघडतोय रोज."

हे खोटं नव्हतं. सिंधुबाईंचा लखन फाल्गुनापासून अभयारण्यात गाइड होता. बारावी नापास झालेला, तिशीला आलेला, कुणी मुलगी देईना. त्या हिरवट वर्दीवर काटेवाडीची सोयरीक जुळली होती. मांडव घालायचा तेवढा राहिला होता.

लैलाबी गेली ती गुरुवारी सकाळी. आंघोळीचं पाणी सिंधुबाईंनीच तापवून दिलं. दुपारी जनाजा उचलला. लैलाबीची लेक शबीना आणि बाकीच्या बायका घरातच राहिल्या. सिंधुबाई आपल्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या, कारण तिथून गेट दिसतं.

जनाजा गेटपाशी थांबला, आणि थांबूनच राहिला.

बराच वेळ गेल्यावर लैलाबीचा मुलगा रसूल माळावरून माघारी चालत आला. मागं मोहनराव, त्यांच्या मागं गोकुळ आणि मान खाली घातलेला लखन. रसूलच्या हातात झेरॉक्स होती.

"मावशी, ही सही तुमची हाय?"

सिंधुबाईंनी कागद लांब धरून वाचला. 'सदर हद्दीत गावाची कोणतीही वहिवाट, दफनभूमी अथवा पारंपरिक हक्क नाही, असा ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली त्यांचं नाव. कोपऱ्यात चिंचेचा डाग काळा उमटलेला. आणि शेवटच्या तीन ओळी मधेच तुटलेल्या: अर्धी ओळ 'श्री'च्या अलीकडं, अर्धी पलीकडं. वळसा घालून लिहिलेल्या.

"गेटवरचा साहेब म्हणतो, गावानंच लिहून दिलंय. तो तरी काय करणार?" रसूलनं कागदावर बोट ठेवलं. "मावशी, तुमचा 'श्री' आधीचा हाय. आंधळ्याला बी दिसंल. तुमी येऊन एवढंच सांगा, पान कोरं व्हतं. साहेब म्हणला, सभासद तोंडानं बोलली तर आजच्या दिवस सोडतो."

सिंधुबाईंनी पायात चपला सरकवल्या.

"जा की वयनी, जरूर जा," मोहनराव गोड आवाजात म्हणाले. हद्द मोकळी दाखवली की गेटजवळच्या त्यांच्या रानात पर्यटकांचे तंबू मंजूर होणार होते. "फकस्त एक सांगतो. फाल्गुनातला ठराव बी कोऱ्या पानावरच हाय तुमचा. लखनला गाइड नेमल्याला. गोकुळ, हाय का न्हाय?"

"हाय की. त्यात बी 'श्री' हाय," गोकुळ म्हणाला आणि हसला.

"मग एक पान खोटं तर दुसरं खरं कसं? मलाच लिहून द्यावं लागंल. वर्दी उतरवावी लागंल पोराला. काटेवाडीचे पावणं काय म्हणतील, ते तुमचं तुमी बघा."

सिंधुबाईंनी लखनकडं बघितलं. गेटची किल्ली त्याच्या मुठीत होती. "आई," तो म्हणाला. त्याचा दुसरा हात वर्दीच्या गळ्याशी गेला आणि त्यानं वरचं बटण घट्ट धरलं, कुणी आत्ताच काढून नेणार असल्यासारखं.

माळावर उन्हात जनाजा खाली ठेवला होता. खांदेकरी आळीपाळीनं त्यावर सावली धरत होते.

"मावशी," रसूल म्हणाला, "आईची जागा ठावं हाय तुमाला. शेजारी कोण निजलंय ते बी ठावं हाय."

"सही माझीच हाय," सिंधुबाई म्हणाल्या.

"आन पान?"

"लिहिल्यालं व्हतं."

मोहनराव खाकरले. गोकुळनं गाडीची किल्ली बोटावर फिरवली. रसूलनं कागद परत घेतला. त्याची घडी करून त्यानं ती सिंधुबाईंच्या हातात ठेवली.

"टेम्पो बोलावतो. सुप्याच्या कबरस्तानात नेतो तिला, परक्यांत. घरात बायका समजत्यात, ती अब्बांजवळ गेली. शबीनाला तुमीच सांगा, मावशी. लिहित्या हाताची बाई तुमी."

टेम्पो आला. धुरळा सुप्याच्या रस्त्यानं लांबत गेला. लखन पाठ वळवून गेटकडं चालू लागला. चारला पर्यटकांची जीप येणार होती.

सिंधुबाई घरात आल्या. संध्याकाळची रामनामाची वही देवापुढं ठेवली होती. त्यांनी ती उघडली, नवं पान काढलं, पेन हातात घेतलं. हात वर मधोमध गेला आणि तिथंच थांबला. वही मिटून त्यांनी परात ओढली. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही; पहिला घास शेजारच्या घरचा, ही वस्तीची रीत, आणि शेजारचं घर त्यांचंच. त्यांनी पंधरा भाकरी थापल्या, पिठलं केलं, सगळं फडक्यात बांधलं. वर ती कागदाची घडी ठेवली.

आता काटी ओलांडून शबीनाकडं जायचं होतं: जेवण द्यायला, आणि लैलाबीला सुप्याला नेलं हे सांगायला.