पाहुण्यांचे बूट आणि माझा नियम

नणंदेला बघायला आलेल्या पाहुण्यांना आम्ही अनवाणी धुळ्याला परत पाठवलं.

यात पाहुण्यांची काही चूक नव्हती. नणंदेचीही नव्हती. बाकी सगळ्यांची होती, आणि त्या बाकीच्यांवर मी अजून चिडलेली आहे.

आमची आर्वी चार वर्षांची. दिपूच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यापासून घरात मोठी माणसं सारखी बोलत बसायची आणि आर्वीला ते अजिबात खपायचं नाही. दोन माणसं बोलायला लागली की ही मधे येऊन किंचाळणार. फोन आला की वाटी खाली टाकणार. वाटीकडे कोणी बघितलं नाही की तांब्या. मग सासरे उठणार, "काय जयं मनी बाईले?" करत तिला कडेवर घेणार आणि हातात बिस्किटाचा पुडा देणार. पुडा संपला की पुन्हा तांब्या.

तिच्या बालवाडीत पालकांची सभा झाली, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मूल लक्ष वेधायला चुकीचं वागत असेल तर त्या वागण्याकडे लक्ष देऊ नका. आणि एरवी मात्र त्याला भरपूर वेळ द्या." यातलं पहिलं वाक्य मी घरी घेऊन आले. दुसरं बहुधा तिथेच खुर्चीवर राहिलं.

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "आजपासून तिच्या नाटकांकडे कोणी बघायचं नाही. ती ओरडू दे, काही फेकू दे, बघ बघ म्हणू दे. आपण आपलं काम करायचं."

"पोरगी पडनी तर?" आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी विचारलं.

"पडली तर उचलायचं, आबा. नाटक केलं तर नाही."

"ते कसं वळखानं?"

"मी सांगेन," मी म्हणाले. (किती हा आत्मविश्वास.)

पुढच्या रविवारी धुळ्याची मंडळी यायची होती. मुलगा, त्याचे वडील नाना आणि आई, तिघंच. आबा म्हणाले, घरात बसून चहा-पोहे कसले करता, पाचोऱ्याच्या शेतावर भरीत करू. थंडीचे दिवस, गव्हाला पाणी सोडलेलं, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकलेली. पाहुणे आले, निंबाखाली सतरंजीच्या कडेला पादत्राणं काढून बसले. मुलाचे बूट नवे कोरे होते. मुलीला बघायचं म्हणून घेतले असणार, बिचाऱ्याने.

गप्पा रंगल्या. मी केळीच्या पानांवर भरीत वाढत होते, सासूबाई चुलीपाशी पुऱ्या तळत होत्या, दिपू मान खाली घालून कांद्याची पात चिरत होती आणि तेवढ्यात गव्हाला पाणी नेणाऱ्या पाटाकडून आर्वीचा आवाज आला.

"मम्मी, बघ ना."

मी बघितलं नाही.

"मम्मी, बघ, बोट सोडली."

मी नानांना पुरी वाढली. पाटात वीतभर पाणी, आबांची खाट तिथून हाकेच्या अंतरावर, पोर बुडण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न फक्त नाटकाचा होता.

"मम्मी, दुसरी पण सोडली. ही मोठी आहे."

माझ्या नवऱ्याने मान वर केली. "अगं, ती बघ काय..."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो भरीत खायला लागला. खाटेवरून आबा अर्धे उठले. मी म्हटलं, "आबा, बसा." ते बसले. चेहरा मात्र पोटात दुखत असल्यासारखा.

मुलाच्या आईने पाटाकडे बघत विचारलं, "छोटी काय म्हणते हो?"

मग मला राहवलं नाही. मी हातात भरिताचं पातेलं घेऊन त्यांना पूर्ण शास्त्र समजावलं. लक्ष दिलं की मुलं शेफारतात, घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागावं लागतं, आमच्याकडे कसा फरक पडलाय. काकू शांतपणे ऐकत होत्या. मधेच एकदा पाटाकडे बघून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, माझं बोलणं पटलं.

जेवणं झाली. मुलगा आणि दिपू जरा बाजूला जाऊन बोलून आले, दोघंही हसत होते. नाना ढेकर देऊन उठले आणि सतरंजीच्या कडेला जाऊन थांबले.

"मना बूट कोठे शेतस?"

आबांनी आर्वीकडे बघितलं.

"गेले," आर्वी म्हणाली. "सगळे गेले. मी बघ बघ म्हणत होते."

मी नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही बघितलं होतं?"

"नानांचा डावा बूट बघितला."

"आणि बोलला नाहीत?"

"तू बोलू दिलंस का?"

आबा म्हणाले, "मी तं बठ्ठं दखं व्हतं. तूच सांगेल व्हतं ना, दखानं नही."

काकू अगदी हळू म्हणाल्या, "माझी चप्पल जाताना मी पण पाहिली. पण म्हटलं, तुमच्या घरची शिस्त आहे."

आणि मग माझा जो भडका उडाला तो विचारू नका. मी हातातला डाव आपटला. सगळं मीच बघायचं का, स्वयंपाक मी करायचा, पाहुणे मी सांभाळायचे, पोरगी मी वाढवायची, आणि तुम्ही सगळे नंदीबैलासारखे बूट वाहताना बघत बसणार, या घरात माझं कोणी ऐकतं का. (ऐकलं होतं, हीच तर अडचण होती.) मी बोलतच राहिले. दिपू निंबाच्या झाडाकडे बघायला लागली. नवरा हात धुवायला गेला. पाहुणे कुठे बघावं ते न कळून आबांकडे बघू लागले.

आबा नानांच्या कानाशी वाकले. हलकं बोलायची त्यांना सवय नाही, त्यामुळे मलाही नीट ऐकू आलं. "थोडा येळ कोणी तिनाकडे दखू नका. आपोआप शांत व्हई जाई."

मी खरंच शांत झाले. रडू आलं म्हणून.

मग पदर खोचून मी गव्हात उतरले. आर्वीही मागे आली. पाणी वाफ्यात पसरलं होतं आणि सगळा चिखल झाला होता. आम्ही दोघी बराच वेळ त्यात चाचपडत होतो. काकूंची चप्पल सापडली, नानांचे दोन्ही बूट चिखलाने गच्च भरून सापडले, मुलाचा एक बूट कधीच मिळाला नाही. आर्वी कोपरापर्यंत माखली होती आणि इतकी खूश होती की काय सांगू. त्या सगळ्या वेळात ती एकदाही 'बघ' म्हणाली नाही. ते माझ्या लक्षात आलं आणि मला आणखी राग आला, कारण आता चिडायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

आबांनी स्वतःच्या शेतातल्या चपला नानांना देऊ केल्या. नानांनी त्या चपलांकडे एकवार बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या भाऊ, गाडीतच तं बसनं शे." तिघंही अनवाणी ढेकळांतून गाडीपर्यंत गेले. मुलगा शेवटी होता. एक बूट हातात घेऊन जात होता.

स्थळ गेलं, असं समजून सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी धुळ्याहून फोन आला. आबांनी तो स्पीकरवर घेतला.

"पोरगी पसंत शे," नाना म्हणाले. "लहानगी बी गोड शे, तिले रागावू नका." मग जरा थांबले. "फक्त एक सांगतो भाऊ, वाईट वाटी लेऊ नका. लगीनमा त्या वहिनीले काही काम देऊ नका. तिले पुढली खुर्चीवर बसाडा. बठ्ठा लोके तिनाकडे दखतीन, मंग ती काही आपटाव नही."

आबांनी माझ्याकडे न बघता "हाव, हाव" म्हटलं. अपमानाने माझे कान तापले. मी ताडकन उठून आतल्या खोलीत गेले, धाडकन दार लावलं, आणि पुढच्या खुर्चीवर कोणती साडी उठून दिसेल ते बघायला कपाट उघडलं.