केलनियाच्या रांगेत माझी पांढरी साडी

पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आधी आठवा, मग पुढचं वाचा. आपल्या मंडळाच्या मागच्या सहलीला चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारे तुम्हीच ना! मला अक्षरओळख नाही, पण कुठली वस्तू कुठे आहे ते झोपेतही सांगेन. मी बोलतेय, माझी नात, मित्रा तिचं नाव, टाइप करतेय. चूक दिसली तर तिची.

आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. पाळीला निघताना खिशात पिंपळगावचे काळे मनुके ठरलेले. "रिटायर झालो की हेच मनुके लंकेच्या विहारात वाहू," म्हणायचे. ते गेले, लंका राहिली. माझ्या मुलानं, मिलिंदनं, मुंबईहून कोलंबोला जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढली, तेव्हा मी आधी पांढरी साडी आणि मूठभर मनुके बांधले.

बोट कसली, आपलं नाशिकचं अख्खं सिडकोच पाण्यावर तरंगत होतं! कोलंबोला सकाळी पांढऱ्या साडीत खाली उतरले, तर शेजारच्या केबिनमधल्या बाई म्हणतात, "आजी, फिरायला निघालात की दुखवट्याला?"

"तुम्ही खरेदीला निघालात ना? तुमच्या मिस्टरांच्या पाकिटाच्या दुखवट्याला."

बोटीची बस बाजारात जाते, विहारात नाही. म्हणून बंदराबाहेरून रिक्षा केली. भाडं आधी ठरवा, येण्याजाण्याचं मिळून. रस्ते स्वच्छ, आणि पट्ट्यांवर माणूस दिसला की गाड्या थांबतात. आपल्या द्वारका चौकात असं कुणी थांबलं, तर मागचे त्याला चक्कर आली समजतील.

केलनियाच्या विहारात पोहोचले आणि बघतच राहिले. आपल्या त्रिरश्मी लेणीतला स्तूप काळ्या दगडाचा, डोंगराच्या पोटात. इथला उघड्या आभाळाखाली, दुधासारखा. आणि बाया, बाप्ये, लेकरं, सगळे पांढऱ्यात. अख्खं गाव माझ्याच साडीत!

तेवढ्यात एका म्हातारीनं मला त्यांच्यातलीच समजून हात धरून रांगेत ओढलं. बुद्धांपुढे ठेवायची ताटं तिथे हातोहात पुढे जातात, प्रत्येकाचा हात लागतो. रांग मात्र गोगलगायीची.

बोधिवृक्षाखालून मिलिंद घड्याळावर बोट आपटत होता. "आई, बोट निघून जाईल!"

"जाऊ दे. तुला पोहता येतं."

म्हटलं खरं, पण थांबावं तर बोट जाणार, निघावं तर ह्यांचे मनुके तसेच राहणार. मी पदराची गाठ सोडली. म्हातारीनं मनुके पाहिले, फळांचं ताट थांबवलं, केळी सरकवून जागा केली. ताट पुढे गेलं, या हातातून त्या हातात, पार आत. वंदना सुरू झाली. "नमो तस्स..." शब्द आपलेच, सूर त्यांचा लांबडा. मी मोठ्यानं म्हटली. ह्यांनाही ऐकू जायला हवी होती.

मग मिलिंदनं मला रिक्षात जवळजवळ उचलूनच टाकलं. बोटीवर चढणारे शेवटचे आम्हीच. शेजारीण पिशव्या मोजत होती. "काय घेतलंत, आजी?"

"काही नाही. देऊन आले."

नाशिकला आल्यावर साडी धुतली. पदराच्या गाठीची सुरकुती इस्त्रीनंही जात नाही. जाऊ पण नये.

तुमच्यातलं कुणी कोलंबोला निघालं, तर त्याच्याबरोबर पिंपळगावचे काळे मनुके पाठवा. बिनबियांचे, कोरडे, नीट निवडलेले. मिठाई नको, मुंग्या लागतात. आणि वाटेत तोंडात टाकू नका.