ताईचा कॉम्प्युटर वाढवला

कॉम्प्युटर विकायचा नाहीये. विचारणं बंद करा.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. तीन दिवस ताप आला आणि माझी मोठी बहीण गेली. या वर्षभरात 'आई कशी आहे' असं जितक्यांनी विचारलं, त्याहून जास्त जणांनी 'त्या गेमिंग पीसीचं काय करतोस' असं विचारलं.

लोक पण कमाल करतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या डोणगावात ताई शिवणक्लास घ्यायची. सकाळी ब्लाउजचं कटिंग शिकवायची आणि दुपारी चारला हेडफोन लावून शूटिंगच्या गेमला बसायची. टीम चौघांची. एक जण जानेफळचा, दोघं जळगाव जामोदचे आणि ही. गेममधलं नाव 'डोणगाववाली'.

एकदा पुण्याचा एक जण हरल्यावर माइकवर विचारत होता, हे डोणगाव नेमकं आहे तरी कुठं.

ताई म्हणाली, "तुले गोळी जिथून लागली ना, तिथंच."

लग्नाच्या बैठकीलाही तसंच. पाहुण्यांनी कोपऱ्यातल्या लाल लाइटवाल्या डब्याकडे बघून विचारलं, मुलगी यावर काय करते. आईने पटकन सांगून टाकलं, कंपनीचं काम करते. ताईने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, गेम खेळते.

पाहुणे पोहे संपवून गेले ते गेलेच.

तिला काही वाटलं नाही. मलाच राग आला होता, आणि मी तो तिच्यावर काढला. आज त्याची लाज वाटते.

डबा जुना होत गेला. मे महिन्यात एका बाजूचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावावा लागायचा. चालू करायचं बटण तुटलं तेव्हा ताईने घराच्या बेलचा पांढरा स्विच आणला, वायर जोडली आणि कॅबिनेटवर चिकटवून टाकला. मेहकरचा दुकानदार दर वेळी म्हणायचा, मॅडम, नवा घ्या. ती दर वेळी म्हणायची, हाच वाढवून द्या.

पहिल्यांदा रॅम वाढवली तेव्हा तिने दुकानातूनच घरी फोन केला.

"आई, कॉम्प्युटर वाढवला."

आता आमची आई बांगडी वाढवते, नारळ वाढवते. बाबांचं किराणा दुकान होतं तेव्हा ते रोज संध्याकाळी दुकान वाढवायचे. 'फुटलं' आणि 'बंद' हे शब्द तिच्या तोंडून निघतच नाहीत. तिला वाटलं, गेला कॉम्प्युटर. ताई बसने घरी पोचेपर्यंत शेजारच्या दोन काकू समजूत घालायला येऊन बसल्या होत्या.

आईने तिला जवळ घेतलं. "जाऊ दे बाई. हातून पडला असन."

ताई इतकी हसली की डबा खरंच हातून पडायचा राहिला.

मग तो घरातला जोकच झाला. ताईने केस कापले तरी आई विचारायची, वाढवले का वं?

ती गेली आणि हा शब्द घरात कोणी काढला नाही. वर्षभर डब्यावर ओढणी टाकलेली होती. तिचीच.

मागच्या महिन्यात जानेफळवाल्याचा मेसेज आला. वर्षश्राद्धाच्या दिवशी चारला मॅच खेळू. तिची जागा आम्ही कोणाला दिलेली नाही. तू बस.

मी ओढणी काढली. बेल दाबली. काहीच नाही.

मेहकरला घेऊन गेलो. दुकानदाराने उघडून बघितलं आणि सांगितलं की पॉवर सप्लाय गेलाय. तो बदलला तरी गेमचा नवीन अपडेट या मशीनवर नीट चालणार नाही. बोर्ड जुना, प्रोसेसर जुना. सगळं नवंच घ्या, हा मी एक्स्चेंजमध्ये घेतो.

त्याचं काही चुकत नव्हतं. माझंही मन अर्धं तयार झालं होतं.

मग त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तो बेलचा स्विच खरवडायला लागला. मी त्याचा हात धरला.

बाहेर येऊन आईला फोन लावला. विचारलं, काय करू, बदलू की वाढवू?

एका वर्षानंतर तो शब्द मीच काढला होता, आणि तोही असा.

आई म्हणाली, "वाढव. पन तिच्यावानी वाढव."

पॉवर सप्लाय नवा टाकला. रॅम दुप्पट केली. गेमसाठी एसएसडी बसवली. ताईची जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी आत आहे, तिला हात लावू दिला नाही. दुकानदार म्हणाला, जास्तीत जास्त दोन वर्षं चालेल. म्हटलं, पुढचं पुढं पाहू.

गेम चालतो. सगळी सेटिंग 'लो'वर ठेवावी लागते. झाडं नीट दिसत नाहीत, पण समोरचा माणूस दिसतो. तेवढं पुरे.

आज सकाळी तिच्या फोटोला हार घातला आणि आईला म्हटलं, चालू तूच कर. आईने बेल दाबली आणि कोणी दार उघडायची वाट बघावी तशी तिथंच उभी राहिली. मग फॅन घरघरला, लाल लाइट लागला. आई रडली. मीपण रडलो. काय लपवायचंय त्यात.

मला फार खेळता येत नाही, लवकर मरेन. पण आयडी 'डोणगाववाली'च राहणार.

'विकायचा आहे का' म्हणून ज्यांनी मेसेज केले, त्यांनी आज चारला ऑनलाइन यावं. गोळी कुठून आली ते मात्र विचारू नये.

ताई, तुझ्या आवडीची श्रद्धांजली हीच असणार.

आपलं दुकान अजून वाढवलेलं नाही.