चकलीची चकती

चौथी शिकलोय, त्यामुळे लिहिण्यात चुका निघतील. काढा. पण राग आलाय तो खरा आहे.

आमच्या घरात पितळी सोऱ्या आहे, बायकोच्या आईने लग्नात दिलेला. त्याची चकलीची चकती झिजून गुळगुळीत झाली होती. भोकाला चांदणीचे कोपरेच उरले नव्हते. चकली पडायची ती गांडुळासारखी. बाजारातल्या चकत्या त्याला बसत नाहीत, जुन्या मापाचा आहे. मी परळच्या गिरणीत वर्कशॉपात फिटर होतो, गिरण बंद पडेपर्यंत. मालकाच्या यंत्रांचे किती दाते घासून बसवले, मोजले नाहीत. ही दर दिवाळीला विचारायची, "माका ती चकती कधी करून देतलात?"

"गिरण उघडांदे, मगे करतंय."

गिरण उघडली नाही. तिथे आता काचेचा टॉवर आहे आणि वॉचमन मला आत सोडत नाही. आणि ही होळीनंतर गेली. चकती राहिली.

म्हणून मुलीला, वडाळ्याला असते ती, म्हटलं, मला ती धातू कोरायची छोटी मिलिंग मशीन मागवून दे, टेबलावर बसते ती. ती म्हणाली, "बाबा, या वयात?" मी म्हटलं, मग काय पुढच्या वयात?

खोकं आलं. मशीन म्हणजे शिलाई मशीनपेक्षा जरा उंच. सोबत पुस्तक, मुंगीएवढ्या इंग्रजीत. गिरणीत नवीन मशीन आलं की उस्ताद शेजारी उभा राहून शिकवायचा. इथे मोबाइलमधला एक पोरगा, "बस इतना आसान है," म्हणतो आणि हात कुठे ठेवायचा तेवढं दाखवत नाही. कसली ही शिकवण.

दसऱ्याला चालू करायची ठरवली. दरवर्षी माझ्या पेटीतल्या कानशींना, पान्यांना हळदकुंकू हीच लावायची. यंदा मीच लावलं. मग गिरणीतल्या सवयीने मशीनच्या पायावरच नारळ फोडला. गिरणीतलं मशीन लोखंडाचं, बैलाएवढं. त्याला नारळाचं काय होतंय? या बयेच्या पायातच विजेचा डबा. पाणी फटीतून आत गेलं. बटण दाबलं तर फट् आवाज, जळका वास, संपलं.

कंपनीला फोन लावला. बाई म्हणते, "अंकल, लिक्विड डॅमेज वॉरंटी में नहीं आता."

"लिक्विड कसलं बाई, पूजेचा नारळ होता."

"वही तो लिक्विड है, अंकल."

मशीन करणाऱ्याला एवढं कळू नये, की या देशात नवीन मशीनपुढे नारळ फुटणार? डबा वर ठेवायला काय झालं होतं? मुलीनेही फोनवर हसून घेतलं. मी फोन ठेवला.

शीवच्या एका विजेच्या कारागिराने आतलं बोर्ड बदललं. त्याने मात्र दात काढले नाहीत. डबा मी मशीनपासून सोडवून भिंतीवर ठोकला.

मग पितळेचा तुकडा पकडीत आवळला आणि जुन्या जोराने हँडल फिरवलं. कटर मोडला, काडी मोडावी तसा. दुसराही मोडला. गिरणीतला हात या मशीनला चालत नाही, हे कळायला दोन कटर गेले. तिसऱ्याला केसाकेसाने उतरवलं. वरच्या मजल्यावरचा येऊन म्हणाला, "आजोबा, काय किरकिर चाललीय?" मी म्हटलं, गणपतीत दहा दिवस तुमचा डीजे वाजतो तेव्हा मी आलो होतो?

भोक मशीनने पाडलं. चांदणीचे कोपरे बारीक कानशीने हाताने काढले, चष्म्यावर चष्मा लावून. तीन दिवस गेले. चकती सोऱ्यात टक्कन बसली. कणकेचा गोळा घालून दाबला तर ताटात काटेरी दोर उतरला. बघत बसलो.

पण तळायचं कसं? वर्ष झालेलं नाही, आमच्या घरी यंदा कढई चढायची नाही. सोऱ्या पिशवीत घातला आणि वडाळ्याला नेऊन मुलीच्या हातात दिला. तिने आत डोकावून बघितलं. या वेळी हसली नाही.

दिवाळीला ती डबा घेऊन आली. दुखवट्याच्या घरी दुसऱ्यांनी फराळ द्यायचा असतो, तसा. चकली तोंडात घातली, काटा टाळूला टोचला. बायकोच्या फोटोपुढे दोन ठेवल्या.

मुलगी म्हणाली, "आईला आवडल्या असत्या."

"आवडल्या कसल्या," मी म्हटलं. "आधी मला शिव्या घातल्या असत्या. घालायलाच हव्या होत्या."

गिरणीच्या नावाने मी तिला इतकी वर्षं थांबवलं. आणि चकतीला लागले तीन दिवस.