मामा गाडीवरून उतरले तो दिवस

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, कॅम्पातल्या शाळेत आठवीला वेळ-वेगाची गणितं शिकवत होतो. जुळवून सांगत नाही, खरंच तोच धडा होता. पलीकडून मामी एवढंच म्हणाली, "मामा गेलं रं... सकाळी च्या पिऊन बसल्यालं, तसंच." मी फळ्यावरचं गणित पुरं केलं आणि मगच वर्गाबाहेर आलो. उत्तर अर्धवट सोडायची सवय नाही मला. घरचे यावरून टोमणे मारतात, मारोत बापडे.

त्याला आता सव्वा महिना झाला. मामा सदलग्याचे, तिकडं सगळी काळी माती. थोडा ऊस, दोन म्हशी आणि शर्यतीची एक घोडी, हरणी. घोडागाडीची शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : दोन चाकांची हलकी गाडी, एक घोडा, वर हाकणारा एकटा. जत्रेच्या दिवशी गावाबाहेरच्या कच्च्या वाटेनं लांबच्या निशाणापर्यंत जायचं आणि वळसा घालून परत यायचं. गाड्या जास्त झाल्या की चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. मामांनी हातात चाबूक कधी धरला नाही. तोंडानं नुसतं "च्यक्" करायचे आणि हरणी निघायची.

मी बेळगुंदीचा, लाल मातीतला. घोड्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मोबाइलवर वेळ लावता येत होती, म्हणून सुट्टीत मी मामांचा वेळ लावणारा. एकदा सरावाच्या आधी शिंतोडे पडून गेले होते. मी म्हटलं, "मामा, कोरड्यात सात मिनिटं लागतात, आज नऊ लागली. घोडी थकली." मामा हसायला लागले. "घोडी न्हाय थकली, मास्तर. येळ घोडीचा नसतोय, मातीचा असतोय." मग त्यांनी समजावलं. नुकता पाऊस पडलेला असला तर वर निसरडं, पण खाली घट्ट. घोडं सांभाळून काढायचं, वळसा मोठा घ्यायचा, मग फेरी निघते. वाईट ती अर्धवट वाळलेली काळी माती. तिथं चाकाला थर चढतो, खूर रुतून बसतो आणि उपसताना पायाची शीर जाते, घोडं जन्माचं लंगडतं. "पाण्याला भिऊ नगंस. वाळत आल्याल्या मातीला भी." मी मान डोलावली. पण शिकवणाऱ्याला ऐकून घ्यायची सवय कमीच असते...

पुढं दोन वर्षांमागच्या जत्रेच्या आदल्या दिवशी वळीव चांगला झोडपून गेला. मामांना चिठ्ठी आली सकाळच्या पहिल्या गटाची. ते नेहमीसारखे अनवाणी शर्यतीची वाट तपासायला गेले होते, मी कमिटीच्या टेबलापाशी. मला वाटलं, एवढ्या चिखलात पहिलं कशाला धावायचं? आमच्या बेळगुंदीत दोन तास ऊन पडलं की वाट झाडून काढल्यासारखी होते. तिथं बाबूअण्णा होते, मामांचे जुने जोडीदार आणि शर्यतीतले वैरी. त्यांची चिठ्ठी दुपारच्या शेवटच्या गटाची. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, बदलायची का?" त्यांनी माझ्याकडं दोनदा बघितलं आणि लगेच चिठ्ठी पुढं केली.

मामा पोटरीपर्यंत चिखल घेऊन परत आले. मी फुशारकीनं सांगितलं. ते पायांचा चिखल खरवडू लागले. "बदललास व्हय... बरं." बस, एवढंच. मला ती शाबासकी वाटली, यावरून माझी अक्कल ओळखा.

सकाळचे गट चिखलानं माखून आले, पण आले. बाबूअण्णा त्यांच्या गटात पहिले. मग ऊन तापलं आणि माझ्या मोबाइलवर वेळ वाढत गेली. नऊ, अकरा, तेरा. एका गाडीची चाकं फिरायचीच थांबली. मामांचा गट सुटला तेव्हा बाकीचे मधून घुसले, मामांनी हरणीला कडेच्या गवतावरून काढलं. निशाणापर्यंत तेच पुढं होते. पण परतीच्या बाजूला कालवा, गवत नाही, मधल्या चिखलात उतरणं भाग. हरणीचा पाय एकदा अडकला, दुसऱ्यांदा अडकला. मामांनी लगाम ओढला, खाली उतरले आणि तिला धरून चालत निघाले. लोक शिट्ट्या मारत होते. ज्या गाड्या मागं होत्या त्या रखडत का होईना पुढं गेल्या. मामा शेवटी आले, चालत.

त्या दिवसापासून गावात एकच बोलणं झालं. माती वळखणारा माणूस, पण म्हातारपणी अंदाज चुकला. आपणहून चिठ्ठी बदलून घेतली आणि फसला. चहाच्या टपरीवर पोरंसोरं विचारायची, "काय मामा, आज चालत का गाडीतनं?" मामा हसायचे. त्यांनी पुन्हा शर्यत केली नाही. आणि मी, शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा, तिथं बसून चहा प्यायचो. याची मला लाज वाटते, अजून वाटते.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर बाबूअण्णांनी तीच गोष्ट काढली, मायेनंच. "लई जाणता गडी. पर त्या एका दिसाला मातीत चुकला बघा."

"चुकले नाहीत ते," मी म्हटलं. "चिठ्ठी मी बदलली होती, अण्णा. त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं."

बाबूअण्णांनी हातातला पेला खाली ठेवला. "मला वाटलं त्येंनीच धाडलंय तुला... मग इतकं दीस बोलला का न्हाईस?"

दारातून मामी म्हणाली, "मला ठावं हाय ते. त्याच दिशी सांगितलतं त्येंनी. म्हटलं, लोकास्नी सांगा की. तर म्हणालं, नगं. मास्तर हाय त्यो. पोरांपुढं उभं ऱ्हायाचं असतंय त्येला."

मग मामीनंच मला हरणीला पाणी दाखवायला गोठ्यात पाठवलं. बादली ठेवून मी शेजारी उभा राहिलो, तर तिनं आपणहून पुढचा उजवा पाय उचलून धरला. मामा रोज संध्याकाळी तिचे खूर बघायचे, उजव्यापासून सुरुवात. ते गेल्यापासून कुणी बघितले नव्हते. मी खाली बसलो, खूर मांडीवर घेतला आणि रडलो. मग गवताच्या बोळ्यानं तो पुसला. तिनं अंगाचा भार बदलून दुसरा पाय दिला, मग तिसरा, मग चौथा. चारही पाय धड होते.